किसनमामांनी लाथ मारली नव्हती

प्रिय पैलवान,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की किसनमामांच्या लाथेनं तुझी किडनी फुटली आणि त्यातच तू गेलास. ते खरं नाही. तुझी किडनी फुटली नव्हती आणि तुला कुणी लाथ मारली नव्हती. तू आमच्या घरात, माझ्या हातचं खाऊन मेलास.

हे मला ते पत्र लिहितानाही माहीत होतं.

आज अमावास्या, अहमदपूरचा मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद आहे. आमच्या आडत दुकानाचं शटरही खाली आहे. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे लिहायला वेळच वेळ आहे. काल किसनमामा दुकानात आले होते. त्यांनी जे म्हटलं, त्यानंतर ते पहिलं पत्र तसंच ठेवणं मला जमणार नाही. ते मी तुझा पोत्यांच्या थप्पीवर बसलेला फोटो लावून मोबाईलवर टाकलं होतं. मोंढ्यात कुणाच्या फोनमध्ये ते गेलं नसेल! तुला वाचता येत नाही, तू उलटून बोलणार नाहीस, म्हणून तुझ्या नावानं खोटं लिहिणं मला इतकं सोपं गेलं का रे?

तू कोण होतास, ते मात्र खरं लिहिलं होतं. आमच्या आडतीतला बोका. डोकं नारळाएवढं, डावा कान फाटलेला, नाकावर जुन्या मारामाऱ्यांच्या रेघा. तुरीच्या पोत्यात घर करणाऱ्या घुशी तुझ्याहून जड असायच्या. तू त्यांची मान दातात धरायचास आणि मागच्या पायांनी पोट फाडायचास. एकदा अशी एक फाडलेली घूस तू अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, गादीवर आणून टाकलीस. अप्पा गळ्यातलं लिंग मुठीत धरून बाहेर पळाले. किसनमामा पाठीवर पोतं घेऊन उभे होते, तसेच म्हणाले, "मालक, पैलवानानं निवद आणलाय, घ्या की." मामांची हमालांची टोळी दिवसभर हसत होती.

तुझं हे नावही किसनमामांनीच ठेवलेलं. मागच्या पत्रात मी तेही लिहिलं नाही.

आता खाण्याचं सांगते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तू घूस खाल्लीस तर तो तुझा धर्म, पण आम्ही हातानं मांस वाढायचं नाही, असं ठरलेलं. दूध-भाकरीवर तुझी हाडं दिसायला लागली, तेव्हा मी लातूरहून कोरड्या खाण्याची पिशवी आणली. गोल, कडक दाणे. रक्त नाही, काटा नाही, वासही बेताचा. पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत मासळीचं पीठ लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. अप्पांनी विचारलं, मांस नाही ना यात? मी म्हणाले, बिस्किटं आहेत. तेव्हापासून घरात त्याला बिस्किटंच म्हणायचे. दिसत नाही तोवर आम्हाला चालतं, हे मला माहीत होतं आणि मी त्याचाच फायदा घेतला.

दीड वर्ष तू तेवढंच खाल्लंस. घुशी मारायचास, पण खाणं सोडून दिलंस. पाण्याची वाटी दुकानातच असायची, तिच्यावर तुरीची भुकटी तरंगायची. तू वास घेऊन निघून जायचास. मला वाटायचं, काय हा नखरा!

त्या बुधवारी तू मागच्या बाजूच्या वाळूत जाऊन बसत होतास. बसायचास, जोर करायचास, उठायचास, दोन पावलं गेलास की परत बसायचास. वाळू कोरडीच. मध्येच मागे वळून स्वतःला इतकं चाटायचास की कातडी लाल झाली होती. आई म्हणाली, पोट साफ होत नसेल, एरंडेल दे. मी तुझा जबडा दाबून धरला आणि दोन चमचे एरंडेल आत ओतलं. तू माझा अंगठा फोडलास. मग मी तुला मांडीवर उताणा घेतला आणि लहान बाळाचं चोळतात तसं पोट चोळलं. चोळलं कसलं, दाबलं. आत काहीतरी कडक, लिंबाहून मोठं हाताला लागत होतं. मला वाटलं, हाच तो खडा, हा सुटला की झालं. म्हणून आणखी दाबलं.

तू ओरडलास आणि निसटून थप्पीखाली गेलास. रात्रभर बाहेर आला नाहीस. का रे लपलास? माणसासारखा कण्हला असतास तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

गुरुवारी सकाळी काय झालं, ते आज नेमकं लिहिते. गाडी भरणं चाललं होतं. किसनमामा पोतं पाठीवर घेऊन गाडीला लावलेल्या फळीकडे निघाले होते. तू थप्पीखालून बाहेर आलास. चालत नव्हतास, मागचे पाय फरफटत होते. मामांच्या पावलापुढेच आडवा पडलास. पाठीवर भरलेलं पोतं, त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी उजव्या पायाच्या पंजानं तुला बाजूला सरकवलं. तुझ्या तोंडून जो आवाज आला, तसा मी जनावराचा कधी ऐकला नव्हता. आणि मी किंचाळले, "मामानं लाथ मारली!"

पाय तुझ्या पोटाला लागला, तो मी पाहिला. लाथ मी पाहिली नाही. ती मी तुझ्या ओरडण्यावरून बनवली.

माझा भाऊ ओंकारदादा गाडीजवळच उभा होता. त्यानं ताडपत्रीचा बांबू उचलला. पहिला फटका मामांच्या मांडीवर बसला. पोतं घसरलं, फुटलं, तूर सगळीकडे सांडली. दुसरा पाठीवर. तिसरा डोक्यावर येत होता, तो मामांनी उजवा हात आडवा घालून घेतला. तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मामा त्या तुरीत खाली बसले. तरी दादा मारतच होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "मुक्या जनावराला मारतो? मुक्या जनावराला?" टोळीतले लोक हातातली पोती टाकून उभे राहिले, पण मालकाच्या पोराचा हात धरायला कुणी पुढे आलं नाही. मामांच्या नाकातून रक्त येऊन ओठांवर आलं होतं. ते एवढंच म्हणाले, "ओंकार, बास कर लेकरा."

लहानपणी याच दादाला ते खांद्यावर बसवून मोंढाभर फिरवायचे.

त्यांना तिथेच टाकून मी तुला भाजीच्या क्रेटमध्ये घातलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून उभे होते. त्यांनी दुसऱ्या हातानं तुझं पोट चाचपलं आणि म्हणाले, "ही लघवीची पिशवी आहे, दगड झालाय. माझ्याकडे एवढी बारीक नळी नाही. नांदेडला पळ."

एसटीत तू दोनदा ओकलास. एरंडेलाचा वास अख्ख्या गाडीत. कंडक्टर म्हणाला, पुढच्या बारीला बोक्याचं हाफ तिकीट फाडणार बघ. लोहा गाव येईपर्यंत तू क्रेटच्या जाळीवर डोकं आपटत होतास. त्यानंतर आपटायचंही थांबवलंस, आणि ते जास्त भयंकर होतं.

नांदेडच्या डॉक्टरबाईंनी मला बाहेर जा म्हटलं. मी गेले नाही. तुला भूल देऊन दोघांनी धरलं होतं. बाईंनी नळी घातली, ती आत जाईना. मागे घेतली, पाण्याचा दाब दिला, परत घातली. रक्त आलं. तीनदा रक्तच आलं. चौथ्यांदा करकर वाळूसारखं काहीतरी आलं, त्यामागून पांढरं, चिकट बूच, आणि मग लघवी. काळपट, रक्ताळ, थांबेचना. बाई घामानं भिजल्या होत्या. म्हणाल्या, बोक्याची नळी शेवटाला दोऱ्याएवढी बारीक असते, त्यात हे अडकलं की लघवी उलटी किडनीवर दाब देते. रक्तात विष चढतं आणि हृदय बंद पडतं. आणखी काही तास गेले असते तर आणूच नका म्हटलं असतं.

मी विचारलं, लाथेनं असं होतं का?

त्यांनी तुझ्या फासळ्या, पाठ, पोट पुन्हा सगळं तपासलं. "याला कुणी मारलेलं नाही. हे किमान दोन दिवसांचं आहे. पोट कुणी दाबलं होतं का?"

मी म्हणाले, मी.

"अजून थोडा जोर लावला असता, तर पिशवी तुमच्या हातात फुटली असती."

म्हणजे त्या आठवड्यात तुझ्या पोटावर सगळ्यात मोठी मारहाण माझ्या हातांनी केली होती.

बाहेर आले तर दादाचा फोन. काय म्हणाले? मी म्हणाले, किडनी खराब झालीय. तो म्हणाला, लाथेनंच ना? आणि मी "हं" म्हणाले. पैलवान, एवढंच. एक "हं". मामांचा हात तेव्हा मोडलेला होता. मला वाटलं, लाथच नव्हती म्हटलं तर हा मार कशासाठी होता? आणि मग एरंडेल कुणी पाजलं, बिस्किटं कुणी आणली, हे सगळं निघालं असतं.

तीन दिवस तू सलाइनवर होतास. मी विष्णुपुरीला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले, सकाळी आठला येऊन तुझ्या पिंजऱ्यापाशी बसायचे. दुसऱ्या दिवशी तू इतकी लघवी केलीस की पिशव्या बदलता बदलता दवाखान्यातली पोरं दमली. बाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, किडनी झटकून उठतेय, पण जेवढं बाहेर जातंय तेवढं पाणी आत गेलं पाहिजे. रक्ताच्या तपासणीतलं विष रोज उतरत होतं. तिसऱ्या दिवशी तू माझ्या हातावर पंजा मारलास, नखं पूर्ण बाहेर काढून. मी रडले. तुझ्यात मारायची ताकद आली होती.

निघताना बाईंनी कागदावर लिहून दिलं. कोरडं खाणं बंद. ओलं खाणं, चिकनचं पाणी, मासळीचं पाणी. पाणी दिवसातून चारदा ताजं. पुन्हा वाळूत बसून राहिला तर एक तास थांबू नका.

मी कागद अप्पांना वाचून दाखवला. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिरिजा, घुशी खातो ते त्याच्या नशिबाचं. आपल्या हातानं कोंबडी शिजणार न्हाई ह्या घरात." मी म्हणाले, बाहेर शिजवून आणते. तर म्हणाले, मग बाहेरच ऱ्हा.

मी बाहेर राहिले नाही. तीच बिस्किटं पाण्यात भिजवून तुझ्यापुढे ठेवली. तू तोंड लावलं नाहीस. दोन दिवस उपाशी राहिलास, माझ्या पायात घुटमळलास, चावलास. तिसऱ्या दिवशी मी वाटीत कोरडे दाणे टाकले आणि तू कसा तुटून पडलास! मला बरं वाटलं. खातोय ना, बस. जवळच्याच गल्लीत मटणाचं दुकान होतं, मी फक्त रस्ता ओलांडायला हवा होता. अप्पांना दिसलं असतं, शेजाऱ्यांना दिसलं असतं. तेवढ्यासाठी मी तो ओलांडला नाही.

एकोणीस दिवस झाले आणि तू परत वाळूत बसलास. या वेळी मला कळलं. क्रेट घेऊन स्टँडवर धावले, एसटी मिळाली. लोह्याच्या पुढे तुझं अंग ताठ झालं, तोंडातून फेस आला, पाय असे झडायला लागले की क्रेटची एक पट्टी तुटली. मी हात आत घातला, तू तो दातात धरलास, घूस धरायचास तसा. आणि धरूनच राहिलास. तुझे दात सोडवायला मला तुझा जबडा उघडावा लागला.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. मी तुलाही बसवायला गेले, पण तू बसेनास. आडवाच ठेवला.

दोन दिवसांनी मी ते पत्र लिहिलं. दादा आधीच सगळ्यांना सांगत होता, मामाच्या लाथेनंच गेला. लोक मला विचारत होते. मी रडतच होते, रडताना खोटं लिहिलं की ते खऱ्यासारखं दिसतं. मामांचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. दवाखान्यात त्यांनी पोतं पडलं म्हणून सांगितलं होतं. दादाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात प्लास्टर निघालं. टोळीच्या मुकादमानं त्यांना परत घेतलं नाही. मुक्या जनावराचा जीव घेणारा माणूस आडत्यांना दारात नको आहे म्हणाला. तीस वर्षं पोती उचललेला माणूस!

काल ते आमच्या दुकानात आले. उजवं मनगट वाकडं बसलंय, बोटं पूर्ण मिटत नाहीत. अप्पांना म्हणाले, डाव्या हातानं झाडलोट करतो, तूर निवडतो, काही बी द्या. अप्पा फोनमध्ये बघत राहिले. दादा म्हणाला, "काय मामा, पाय शाबूत हायत ना? तुमचं काम पायाचंच."

मामा वळले. मी आतल्या दारात उभी होते, तिथे आले.

"ताई, तुमी लिव्हलेलं पोरीनं वाचून दावलं मला. लई चांगलं लिव्हलंय. पैलवान डोळ्याम्होरं हुबा ऱ्हायला. म्या बी रडलो." मग म्हणाले, "फकस्त म्या लाथ न्हाई मारली, माय. तेवढं मुकादमाला सांगा. मालकाच्या घरचं एक माणूस चारचौघात बोललं तर घेतो म्हनलाय."

मी दाराआड सरकले. ते पायऱ्या उतरून गेले.

संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. एरंडेल, डॉक्टरबाई, ते "हं", सगळं. दादानं ताटावरून उठून मला मारलं. ओठ दातावर फाटला. तुझी रिकामी वाटी त्यानं भिंतीवर आपटली. आई त्याला धरत होती. अप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मेलेल्या बोक्यापायी जित्या भावाला जेलात घालतीस? किसननं स्वतः लिहून दिलंय, पोतं पडलं म्हनून."

तुला माहीत नसेल, मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. शाळेच्या फाटकात माणसं दिसली की मला उलटी व्हायची. अप्पांनीच मला दुकानात शिकवलं. पोत्यात लोखंडी नळी टोचून मूठभर तूर माझ्या हातावर ठेवायचे आणि विचारायचे, काय दिसतं? मी म्हणायचे, चांगली आहे. ते म्हणायचे, चांगली हे तुला वाटतं. दिसतं काय? मग मी किडके दाणे वेगळे करायचे, फुटके वेगळे, खडे वेगळे. दिसलेलं आणि वाटलेलं एका ढिगात टाकलं की ते ढीग मोडायला लावायचे.

काल रात्री मी अप्पांना एवढंच म्हणाले की मी बोक्यापायी बोलत नाही. पुढे बोलता आलं नाही, तोंडात रक्त होतं. ते उठून देवघरात गेले.

दादावर काय येईल, मला माहीत नाही. कदाचित मामाच नको म्हणतील. कदाचित दादा मला त्या सगळ्यांसमोर पुन्हा मारेल. मला माणसांची अजूनही भीती वाटते. पण पहिलं पत्र जितक्यांनी वाचलं, तितक्यांना हे कळलं पाहिजे, आणि फोनवर नाही. फोनवर टाकलं की मी घरात बसून राहीन, आणि मामा तिकडे एकटे.

तुला मी एक वचन देते. हे पत्र मी वाचून दाखवणार आहे, मुकादमासमोर, टोळीसमोर, सगळ्या आडत्यांसमोर. एरंडेलही वाचणार, बिस्किटंही वाचणार, बांबूही. त्यानंतर मामा म्हणतील तर त्यांच्यासोबत पोलिस ठाण्यात जाऊन जे पाहिलं ते लिहून देणार. मामांच्या घरी मी आज सकाळी जाऊन आले. ते म्हणाले, कशाला माय. पण येतो म्हणाले.

उद्या. सोमवारी, मोंढा उघडला की, अकरा वाजता सौदा सुरू व्हायच्या आधी.

तुझी,
गिरिजा